खंडाचं कारण

अप्पा, अण्णाची नात रशियन भाषेत पदवी घेते आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बाप रांगत होता, म्हणजे तुम्ही तिला कुठून ओळखणार. सुट्टीत ती हुबळीला माझ्याकडे राहायला आली होती. मी भाजी चिरत होते आणि ती कट्ट्यावर बसून शेंगा सोलता सोलता मला सांगत होती की ही पदवी पुरी करायची म्हणजे काय काय करावं लागतं. पहिलं वर्ष नुसती भाषा, लिहिणं, बोलणं, ऐकणं. मग साहित्य सुरू होतं, आधी जुनं, मग गेल्या शतकातलं, मग क्रांतीनंतरचं. भाषांतराचे पेपर दोन्ही अंगांनी. परीक्षक समोर बसवून तोंडी घेतात ते वेगळंच. शेवटी एक लहानसा निबंध, तोही रशियनमध्येच. आणि हजेरी कमी भरली तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. कुणाला वाटावं हिला भिंत चढायला सांगितलीय. मग तिनं विचारलं, "आजी, तुम्हीपण रशियन शिकत होता म्हणे. तुमच्या वेळी काय काय लागायचं?" मी म्हटलं, तेव्हा असली पदवीच नव्हती. ते खोटं नाही. पण ती आत गेल्यावर मी बराच वेळ सुरी हातात धरून बसले. काय काय लागायचं ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे, आणि आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही.

कॉलेजातले आमचे सर आपल्या घरी आले होते तो दिवस मला आठवतो. मी संस्कृत घेऊन बी.ए. झाले होते आणि आई स्थळं बघायच्या गडबडीत होती. सर पाच वर्षं जर्मनीत राहून आलेले, तिथं रशियाहून पळून आलेल्या विद्यार्थ्यांच्या खाणावळीत जेवता जेवता त्यांची भाषा शिकलेले. पुढच्या खोलीत तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि स्वतः गादीवर बसलात. मी दाराआड उभी. सर म्हणाले, "रशियनची पदवी आपल्या विद्यापीठात नाही. पण एम.ए. प्रबंध लिहून करता येतं. संस्कृत आणि रशियन क्रियापदं शेजारी शेजारी ठेवून ही काम करू शकेल. जोडीला मराठी घेईल. अशी मुलगी मला पुन्हा मिळायची नाही." तुम्ही सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. तुम्ही कौतुकाकडे लक्ष दिलं नाहीत, नियम विचारलेत. सरांनी सांगितले. मान्यता असलेला मार्गदर्शक हवा, तो मी आहे. त्याच्या हाताखाली दोन वर्षं, चार टर्म भराव्या लागतील. भाषा येते असा दाखला लागेल, त्यासाठी मुंबईला जाऊन एका परीक्षकापुढं वाचून दाखवावं लागेल. मग प्रबंध, टाइप करून, तीन प्रती. मध्ये खंड पडता कामा नये. पडला तर कारण द्यावं लागतं. तुम्ही एकेका नियमाला मान हलवत होता, जणू कुणी तुम्हाला एखादा चांगला मसुदा वाचून दाखवतोय. मग म्हणालात, "दिवेलागणीच्या आत घरी यायचं. हा माझा नियम." आणि अर्जावर पालकाची सही केलीत. आई आतून म्हणाली, "आणि लग्न?" तुम्ही म्हणालात, "त्याला अजून कुणी अर्ज केलेला नाही."

आपल्या गावातच, मळमड्डीत, सरांचं घर. दार उघडायच्या त्यांच्या पत्नी, वहिनी, त्यांचं माहेर गदगकडचं, माझ्याशी कानडीच बोलायच्या. "बा, कूत्कोव्वा," म्हणत मला बसवायच्या आणि शिकवणी संपेपर्यंत त्याच खोलीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. तसं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण गावात कुणी काही बोलू नये म्हणून त्या बसत, हे मला उशिरा कळलं. सर फळ्याऐवजी पाटी वापरायचे. रशियन अक्षरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, इंग्रजी अक्षरं आरशात बघून कुणीतरी चिडवतंय. महिनाभरात ती सरळ झाली. मग मी रोज घरी येऊन तुम्हाला काही ना काही सांगू लागले. तुम्ही कोट खुंटीला टांगून, पाय धुऊन बसायचात आणि म्हणायचात, "हं अक्का, आज काय?" घरात मला सगळे अक्काच म्हणायचे. मी म्हणायचे, दाराला त्यांच्यात द्वेर म्हणतात. भावाला ब्रात, म्हणजे आपला अण्णा माझा ब्रात. विधवेला व्दोवा. सुनेला स्नोखा, म्हणजे आपली स्नुषा. दिराला देवेर. तुम्ही हसून म्हणालात, "म्हणजे त्या बर्फातसुद्धा दिराला दीरच म्हणतात तर." दुसऱ्या दिवशी कचेरीत तुम्ही हे कुणाकुणाला सांगितलंत. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. पुढं मला वाटत राहिलं, तिथंच कुणाच्या तरी कानावर ते पहिल्यांदा गेलं असेल.

काम चांगलं चाललं होतं, अप्पा. आपण मराठीत 'लिहीत होता' म्हणतो आणि 'लिहून टाकलं' म्हणतो, एकात काम चालू आहे, दुसऱ्यात संपलं. रशियन माणूस तेच क्रियापदाच्या आधी एक लहानसं अक्षर चिकटवून सांगतो. संस्कृतात असं कुठं कुठं होतं ते मी शोधत होते. पहिली दोन प्रकरणं हुबळीच्या एका टायपिस्टकडून टाइप करून आणली. त्यानं रशियन शब्दांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या, त्या मी टाकानं एकेक करून भरल्या. तुम्ही शेजारी बसून शाई वाळेपर्यंत कागद धरायचात. तीन टर्म भरल्या. एक राहिली.

युद्ध सुरू झालं होतं, आणि रशिया तेव्हा सरकारच्या बाजूचा नव्हता. विलायतेहून सरांनी माझ्यासाठी मागवलेलं व्याकरण पोस्टानं आलं तेव्हा पुडक्याची दोरी दुसऱ्याच कुणीतरी बांधलेली होती. सरांनी गाठ निरखून पाहिली आणि पुडकं मला दिलं. त्यानंतर एका दुपारी एक साधासा माणूस आपल्या दारात आला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं. त्यानं आईकडं पाणी मागितलं. पाणी प्यायला, उन्हाबद्दल बोलला, मग विचारलं, "मगळु एन ओदाक हत्त्याळ्री?" मुलगी काय शिकते, एवढंच. आईला काय ठाऊक. तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, रशियन शिकते, सरांकडं जाते, पुस्तकंसुद्धा परदेशातून येतात. तो म्हणाला, छान, आणि गेला. आई मला म्हणाली, "बघ, रस्त्यावरच्या माणसालासुद्धा तुझं कौतुक." तिला पुढं आपण कुणीच काही सांगितलं नाही. ती मरेपर्यंत तो माणूस तिच्यासाठी तहानलेला एक वाटसरूच राहिला.

तीन-चार दिवसांनी तुम्ही लवकर घरी आलात. पाय न धुता आत आलात, तेव्हाच मला काहीतरी झालंय हे कळलं. तुम्ही मला पुढच्या खोलीत बोलावलंत आणि दार लोटून घेतलंत.

"तुझी ती पुस्तकं किती आहेत?"

"व्याकरण, वाचनपाठ, आणि सरांचा शब्दकोश. का?"

"साहेबांनी बोलावलं होतं."

मी म्हटलं, "अप्पा, त्यात राजकारणाचं काही नाही. त्यात क्रियापदं आहेत."

"मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही."

"मग त्यांना सांगा."

"सांगितलं." तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. "ते म्हणाले, क्रियापदं शिकायला हीच भाषा कशाला पाहिजे."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. एकच टर्म राहिली आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते एवढं आठवतं. तुम्ही शेवटी म्हणालात, "अण्णाची नोकरी लागायची आहे. माझी दोन वर्षं राहिलीत. उद्या घराची झडती झाली तर हे घर या गावात उभं राहायचं नाही." आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर मला सोपं गेलं असतं. मग जरा थांबून म्हणालात, "सकाळी बघू." मला वाटलं सकाळी तुम्ही वेगळा काही विचार कराल. पण तुम्ही सकाळ एवढ्याचसाठी निवडली होती की सकाळी प्रत्येक घराच्या बच्चलातून धूर निघतो.

न्हाणीला आपण बच्चलच म्हणायचो. तांब्याचा हंडा चुलीवर चढवलेला. तुम्ही पाटावर बसलात, मला पुस्तकं आणायला सांगितलीत आणि मी आणली. मी आणली, अप्पा, हे मला अजून नवल वाटतं. कुणी माझा हात धरला नव्हता. तुम्ही आधी पुठ्ठे सोडवलेत, कारण पुठ्ठा सावकाश जळतो. मग पानं दहा-वीस अशी काढून आत सारू लागलात. आणि सारताना विचारत होता. "हे कशाचं?" मी म्हटलं, संख्यांचं. "हे?" हे ऋतूंचं, महिन्यांचं. "हे?" हे नात्यांच्या शब्दांचं. तिथं तुमचा हात थांबला. तुम्ही ते पान जरा दूर धरून पाहिलंत, तुम्हाला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. मग तेही आत गेलं. तुम्ही का विचारत होता हे मला कळलेलं नाही. कधी वाटतं तुम्ही त्या पुस्तकांचा शेवटचा मान ठेवत होता. कधी वाटतं तुम्हाला शिक्षा हवी होती आणि ती माझ्या तोंडून ऐकायची होती. खळीचा आणि कापडाचा वास सुटला. आईनं आतून विचारलं, "पाणी तापलं का? कोण जातंय आधी?" तुम्ही म्हणालात, "अण्णाला जाऊ दे." मग एकेक करून सगळ्यांनी त्या पाण्यानं अंघोळी केल्या. मीही केली. पाणी छान तापलं होतं.

त्याच महिन्यात सरांची बदली झाली, अहमदाबादेला. मी निरोपाला गेले तेव्हा वहिनी ट्रंकेवर बसून कुलूप लावत होत्या. मी सरांना सांगितलं की तुमचा शब्दकोश आमच्याकडे जळाला. त्यांनी खाली वाकून ट्रंकेची कडी दाबून धरली. मग म्हणाले, "अप्पांना दोष देऊ नकोस. माझ्याकडची मी परवाच विहिरीत टाकली." मग नियम सांगावा तसं म्हणाले, "एकच टर्म राहिलीय तुझी. खंड पडेल. पण कारण दिलं आणि ते खरं असलं तर खंड माफ करतात." घरी परत येताना मला एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा मी अजून उलगडा केलेला नाही. सरांनी माझ्यासारखीच, माझ्यापेक्षा किती जास्त पुस्तकं पाण्यात टाकली, पण त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो तुमचाच.

वर्ष-दीड वर्षानं जग उलटलं. रशिया सरकारच्या बाजूचा झाला. तुम्ही कचेरीतून येताना लाइन बझारातून पेढे घेऊन आलात, मी भाकऱ्या बडवत होते, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणालात, "अक्का, साहेब आज स्वतः म्हणाले. तुमची मुलगी ती भाषा शिकत होती ना, शिकू द्या, आता हरकत नाही." तुमचा चेहरा इतका मोकळा झाला होता. मी भाकरी परतली. मी म्हटलं, "हरकत नाही, म्हणजे?" तुम्ही पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवलात आणि पाय धुवायला गेलात. त्या वेळपर्यंत मी हुबळीच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते, रोज गाडीनं जाऊन येऊन. लग्नाचं नाव मी काढू देत नव्हते.

पण तुम्ही नियम विसरणारे नव्हता. रविवारी तुम्ही लिहायला बसलात. विद्यापीठाला अर्ज, खंड माफ करून उरलेली टर्म भरू द्यावी, सरांच्या हाताखाली पत्रानं काम करू द्यावं. तुमचं इंग्रजी सुंदर होतं. अर्ध्या पानावर थांबून तुम्ही मला हाक मारलीत.

"इथं कारण लिहावं लागतं. प्रकृती असं लिहितो. डॉक्टर ओळखीचे आहेत, दाखला देतील."

"मी आजारी नव्हते, अप्पा."

"कागदावर असतं तसं. सगळे लिहितात."

"मी एक दिवस आजारी नव्हते."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. खरं कारण लिहायचं तर वरिष्ठांकडे बोट दाखवावं लागणार, नाहीतर स्वतःकडे, आणि तुम्ही अजून नोकरीत होता. तुम्ही टाक पुसून ठेवलात. अर्ज फळीवरच्या पंचांगात राहिला, आणि त्यावर आपण दोघंही काही बोललो नाही. आपण बाकी सगळं बोलत होतो हे सांगायला हवं. भाजी काय आणायची, अण्णाचं बाळ कुणासारखं दिसतं, गाडी किती उशिरा आली. दिवेलागणीला मी घरी आले की तुम्ही दारात असायचात. फक्त "हं अक्का, आज काय?" हे तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

पेन्शन सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही एक कागद माझ्यापुढं धरलात. "भाषा बघ जरा," म्हणालात, जसं कचेरीतल्या कनिष्ठाला सांगावं. मी वाचलं. अर्ज तुमच्या नावानं होता. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराच्या मुलीची पुस्तकं आगीत नष्ट झाली, त्यामुळे अभ्यास थांबला. मी ते वाक्य वाचलं आणि पुन्हा वाचलं. मी काही म्हटलं नाही, अप्पा. मला म्हणायचंही नव्हतं. पण तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. तुम्ही हात पुढं करून कागद घेतलात, खिडकीशी जाऊन बसलात, नवा ताव काढलात आणि सगळा अर्ज पहिल्यापासून पुन्हा लिहिलात. अर्ध्या तासानं परत माझ्यापुढं धरलात. आता तिथं होतं: माझ्या मुलीची पुस्तकं मी माझ्या हातानं जाळली, नोकरीच्या भीतीनं. तिचा यात काही दोष नाही. खाली तुमची पूर्ण सही, निवृत्त असं लिहून. मी म्हटलं, "भाषा बरोबर आहे." तुम्ही म्हणालात, "मग टाकतो आज," आणि छत्री घेऊन भर उन्हात पोस्टात गेलात.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. नोंदणीची मुदत संपली असून नियमानुसार खंड माफ करता येत नाही. कारणाबद्दल अक्षर नव्हतं. तुम्ही जे कुणापुढं कधी बोलला नसतात ते लिहिलंत, आणि मुंबईतल्या कुठल्या तरी कारकुनानं ते वाचलं असेल की नाही कोण जाणे. तुम्ही ते पत्र मला दिलंत आणि म्हणालात, "नियम म्हणजे नियम." मग खुर्चीत बसलात आणि बराच वेळ पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिलात. पुढच्या वर्षी थंडीत तुम्हाला छातीत कळ आली, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्या दोन दिवसांत तुम्ही एकदा माझा हात धरून ठेवला होतात. मला वाटलं तुम्ही काही बोलाल. तुम्ही पाणी मागितलंत.

त्यानंतर मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. वाईट गेली म्हणणार नाही. रशियन हळूहळू गेलं, आधी प्रत्यय गेले, मग शब्द. अण्णाची नात परवा एक परिच्छेद मोठ्यानं वाचत होती, तिचा उच्चार छान आहे, पण मला त्यातला एखाद-दुसरा शब्द ओळखीचा वाटला, बाकी नुसता आवाज. ती म्हणाली, तुम्ही का पुरं केलं नाहीत? मी म्हटलं, युद्ध आलं आणि राहून गेलं. इतकी वर्षं सगळ्यांना मी हेच सांगत आलेय. तिनं मान हलवली. तिला ते पुरलं.

आता तुम्ही होता त्यापेक्षा मी वयानं मोठी झालेय, म्हणून एक सांगते, ते लिहून तुमच्या हातात द्यायची हिंमत तुम्ही असता तर झाली नसती, आणि हा कागदही मी उद्या दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. विद्यापीठाचं ते नकाराचं पत्र तुम्ही माझ्या हातात दिलंत तेव्हा तुम्हाला वाटलं मी रडू आवरतेय. मी रडू आवरत नव्हते. मला सुटल्यासारखं झालं होतं. त्यांनी हो म्हटलं असतं, मी टर्म भरली असती, पदवी घेतली असती, तर तुमच्यावरचा राग मला सोडून द्यावा लागला असता. तुम्ही तुमच्याकडून सगळं पुरं केलं होतंत. माझीच तयारी झाली नव्हती.